मोरांदीच्या बाटल्या आणि आमची ओसरी

मंडळाच्या बैठकीत मी बोलोन्या शहराचे फोटो दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "जुन्या हुबळीत इटलीचं काय काम?" प्रश्न रास्त होता. तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे टिपण.

जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) जन्मला बोलोन्यात आणि वारलाही तिथंच. १९१० पासून अखेरपर्यंत व्हिया फोंदात्सा या एकाच रस्त्यावरच्या घरात, आपल्या तीन बहिणींबरोबर. झोपायची खोली तीच चित्रं काढायची खोली. उन्हाळ्यात ग्रित्साना नावाच्या डोंगरातल्या गावी जायचा, बाकी फिरणं बेताचंच. १९३० ते १९५६ तिथल्या कला अकादमीत एचिंग शिकवलं. आणि रंगवलं काय, तर बहुतेक बाटल्या, डबे, सुरया, वाडगे. तीच भांडी वर्षानुवर्षं, जागा बदलून बदलून. काचेची चमक नको म्हणून काही बाटल्यांना तो रंग फासून ठेवी, वर बसलेली धूळही राहू देई.

बोलोन्यात मध्ययुगातले दोन प्रसिद्ध मनोरे आहेत. आसिनेल्ली सुमारे ९७ मीटर आणि शेजारचा कललेला गारिसेंदा ४८ मीटर. त्यामुळे 'मोरांदीची उंच बाटली म्हणजे मनोरा' असं सहज म्हटलं जातं. मला हे फार सोपं वाटतं. उंच आणि सडपातळ एवढंच साम्य असेल तर आमच्या कारखान्याची चिमणीही त्यात बसेल.

माझ्या मते खरी गोष्ट मनोऱ्यांत नाही, ओसऱ्यांत आहे. बोलोन्यात रस्त्याकडेनं घरांच्या खालून सलग कमानींच्या ओसऱ्या जातात, त्यांना पोर्तिको म्हणतात. सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. मुळात लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढं काढल्या आणि खाली खांब दिले. १२८८ च्या कायद्यानं नव्या घरांना पोर्तिको सक्तीचा केला. उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे अंदाजे २.६६ मीटर, घोडेस्वार खालून जाईल इतकी. गंमत अशी की जागा घरमालकाची, डागडुजी त्याच्याच खर्चानं, पण चालायचा हक्क सगळ्यांचा!

आता अशा ओसरीतून रोज चालणाऱ्या माणसाचा विचार करा. डोक्यावरून ऊन येत नाही. उजेड येतो तो एका बाजूनं, समोरच्या भिंतीवर आपटून, मऊ होऊन. खांब, मोकळी जागा, खांब, मोकळी जागा. चालताना दोन्हींचं वजन सारखंच वाटायला लागतं. मोरांदीच्या चित्रात नेमकं हेच आहे. दोन बाटल्यांमधली फट बाटलीइतकीच घट्ट रंगवलेली असते. भांडी एका ओळीत, समोरून, आम्ही ज्याला ड्रॉइंगमध्ये एलेव्हेशन म्हणतो तशी. त्यानं खिडकीतून दिसणारं व्हिया फोंदात्साचं अंगणही रंगवलं आहे. त्यातल्या कोऱ्या भिंती आणि टेबलावरचे त्याचे डबे शेजारी शेजारी ठेवून बघा, हात एकच आहे हे लगेच कळतं.

अर्थात सगळं श्रेय शहराला देऊ नये. सेझानचा आणि जुन्या इटालियन भित्तिचित्रांचा त्याचा अभ्यास पक्का होता. शिवाय त्याच ओसऱ्यांखालून कितीतरी चित्रकार गेले, त्यांनी अशा बाटल्या काढल्या नाहीत. शहरानं त्याला विषय दिला नाही. मापं दिली, असं फार तर म्हणता येईल.

आता हुबळी. आमच्या काकांच्या घराला रस्त्यालगत कट्टा, त्यावर लाकडी खांबांची ओसरी आणि आत सोप्याच्या जाड भिंतीत कोनाडे होते. एका कोनाड्यात काकू पितळी तांब्या, दोन गडू आणि तेलाची बुधली ठेवायच्या. दारातून आडवा उजेड आला की बुधलीची अर्धी बाजूच दिसायची. बाजाराला निघालेल्या बायका कट्ट्यावर टेकायच्या. पावसात कुणीही वर चढून उभं राहायचं, विचारायची पद्धतच नव्हती. पुढं लक्कुंडीला लेथवर फिरवल्यासारखे घोटीव चालुक्य खांब पाहिले, तेव्हा मला आधी त्या बुधलीचीच आठवण झाली.

पंचवीस वर्षांपूर्वी ते घर पाडून स्लॅबची इमारत उभी राहिली. नकाशा मीच काढला. खालचं सगळं क्षेत्र दुकानाला मिळावं म्हणून ओसरी मीच खोडली आणि त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं होतं. काकूंनी एवढंच विचारलं होतं, "अरे, कोनाडा कुठं दाखवलायस?" नऊ इंची भिंतीत तो बसत नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. जुन्या घराचं एकही मोजमाप मी घेऊन ठेवलं नाही. इंजिनिअर असून.

म्हणून मंडळापुढं सूचना मांडली आहे. त्या गल्लीत ज्या थोड्या ओसऱ्या उरल्या आहेत, त्यांची मोजणी या महिन्यात सुरू करू. खांबांमधलं अंतर, कट्ट्याची उंची, कोनाड्यांची खोली, आणि सकाळी व दुपारी उजेड कुठवर येतो त्याची खूण. टेप माझ्याकडे आहे. दुसरं टोक धरायला माणूस हवा.