मिस्त्रीचा कान आणि गाडीचा कोड

ओतूरहून आळेफाट्याकडे निघालं की पिंपरी पेंढार लागतं. कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव. भाजीच्या गाड्या इथून माळशेज उतरून मुंबईकडे जातात.

१९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. त्यानंतर कितीतरी वर्षं डिझेल इंजिनाची तपासणी म्हणजे मिस्त्रीचा कान! स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. धूर निळा, तर ऑइल जळतंय. काळा, तर हवा कमी पडतेय.

धुराला कंटाळलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८च्या मोटारींपासून, दोष स्वतःच नोंदवणारी यंत्रणा सक्तीची केली. आपल्याकडे भारत स्टेज-४ देशभर २०१७ मध्ये आलं, स्टेज-६ २०२० मध्ये. इंजिनावर सेन्सर वाढले, मिस्त्रीच्या हाती स्कॅनर आला.

पण गाडीत फेरफार केला असेल तर? ईजीआरची झडप थोडा जळका धूर पुन्हा इंजिनात सोडते, त्याने विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. ती काजळीने तुंबते म्हणून कुणी पत्र्याची चकती घालून वाटच बुजवतो. मग दिवा लागतो. कोड पी०४०१: परत येणारा धूर अपुरा. मालक सेन्सर बदलतो, दिवा पुन्हा हजर! बिचारा सेन्सर खरंच बोलत होता. इकडे इंजिनाने ताकद आखडती घेतली, की पहाटेचा बाजार हुकतो.

म्हणून जाणता मिस्त्री आधी विचारतो, ‘‘काय काय बदललंय, शेठ?’’ मग वायर, मग पाइप, सेन्सर शेवटी. टर्बोचा पाइप फाटला असेल, तर ती फुसफुस आजही कानालाच कळते.