अनुदानाची वाट: सोसायटीच्या दारातून आणि दारावरून

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला खेटून असलेली वारूळवाडी असो की शेजारचं कुठलंही गाव, ‘पैसे आले का?’ या प्रश्नाचं उत्तर पूर्वी एकाच माणसाकडे असायचं: विकास सोसायटीच्या सचिवाकडे. १९०४च्या सहकार कायद्याने पतसंस्था उभ्या राहू लागल्या. १९१७मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक आली आणि बँक जिल्ह्याला, सोसायटी गावाला अशी घडी बसली. सरकारची मदत यायची ती बहुतेक व्याजसवलतीच्या रूपाने. आजही ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की व्याज शून्य, कारण त्याचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. म्हणूनच मार्च उजाडला की गावोगावी जुनं कर्ज फेडून नवं उचलण्याची, म्हणजे ‘नवं-जुनं’ करण्याची धांदल उडते.

कर्जमाफ्यांनी सोसायटीच्या खतावणीला वेगळंच वजन आणलं. केंद्राच्या २००८च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ झालं. वेळेवर फेडणाऱ्याच्या हाती काहीच आलं नाही, आणि तो सल कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, द्राक्ष, टोमॅटो काढून हप्ते चुकते करणाऱ्या या पट्ट्यात राहणारच होता. राज्याच्या २०१७च्या कर्जमाफी योजनेत नियमित कर्जदाराला जास्तीत जास्त २५ हजार मिळाले, तर २०२२च्या निर्णयाने तीनपैकी दोन वर्षं वेळेत परतफेड करणाऱ्याला ५० हजारांपर्यंत. उशिरा का होईना, न्याय झाला.

केंद्राच्या २०१९च्या पीएम-किसान योजनेपासून मात्र पैसा सोसायटीच्या दारावरून पुढे गेला. वर्षाला ६ हजार, तीन हप्ते, थेट आधारजोड खात्यात. २०२३पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे तेवढेच आणखी. मधली गळती थांबली, हे मान्यच करायला हवं. पण लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. वाट्याने कसणारा बाहेरच. आणि केवायसी अडली की विचारायचं कुणाला?

कागदामुळे माणूस कसा अडतो, हे २०२३च्या कांदा अनुदानात चांगलंच उघडं पडलं. भाव कोसळले, सरकारने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले. मर्यादा २०० क्विंटलची, म्हणजे शेतकऱ्याला फार तर ७० हजार. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याची पट्टी तर हवीच, शिवाय सातबाऱ्यावर कांद्याची नोंदही. व्यापाऱ्याने शेतकरी बनून हात मारू नये म्हणून ही अट, हेतू रास्त. पण ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, राहून गेलेल्यांची संख्या मोठी होती. पट्टी खिशात, मालही विकलेला, तरी कागदावर शेतात कांदाच नाही! ओरड झाल्यावर तलाठ्यासह गावपातळीवरच्या समितीच्या पाहणीवर भागवलं गेलं. पैसे सप्टेंबरपासून, तेही टप्प्याटप्प्याने. ज्या गावात कुणाचा किती कांदा हे सगळ्यांना तोंडपाठ, तिथे ही परीक्षा!

ठिबक, शेततळं, अवजारं यांचे अर्ज आता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतात. ते भरण्यासाठी माणूस नारायणगावच्या सेवा केंद्रात ताटकळतो. २०२२पासून केंद्राने सोसायट्यांचं संगणकीकरण हाती घेतलं आहे, आणि २०२३च्या करारामुळे सोसायटीला स्वतःच असं सेवा केंद्र चालवता येतं. अनुदानाचे पैसे वाटण्याचं काम गेलं ते गेलं. अडलेला हप्ता शोधून देण्याचं काम सोसायटीने आपल्याकडे घ्यावं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. चहा पिऊन सही करण्याआधी सभासदांनी एवढा ठराव मांडावा.