गोदाकाठी आडनावांचे धागे : पूर्वजांच्या नोंदी शोधताना

गंगापूर - गोदावरीच्या उत्तर तीरावरील कायगाव आणि समोरच्या काठावरील टोका यांच्यात नदीच्या पात्राएवढेच अंतर आहे. दोन्ही काठांची भाषा एक, पिके सारखी आणि रोटी-बेटीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचे. मात्र स्वातंत्र्यापर्यंत उत्तर तीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दक्षिण तीर मुंबई इलाख्यातील अहमदनगर, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. त्यामुळे एकाच घराण्यातील दोन भाऊ दोन काठांवर स्थायिक झाले, तर त्यांची नावे दोन राजवटींच्या दप्तरांत निरनिराळ्या लिप्यांमध्ये लिहिली गेली. त्यांचे वंशज आज पूर्वजांचा शोध घेऊ लागले, की एकच आडनाव कागदोपत्री तीन-चार रूपांत समोर येते.

हा शोध आता केवळ कुळाच्या अभिमानापुरता राहिलेला नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी 'हैदराबाद गॅझेटिअर'बाबतचा शासन निर्णय निघाला. गॅझेटिअरमध्ये जातिनिहाय लोकसंख्येचे आकडे आहेत, कुटुंबांची नावे नाहीत. एखाद्या घराचा पुरावा शेवटी त्या घरातील व्यक्तीच्या नोंदीतच शोधावा लागतो. तेथे एका अक्षराचा फरकही अर्जदाराला अडवू शकतो.

उर्दू दप्तरातील आडनावे

निजामकाळात तालुका व जिल्हा कचेऱ्यांचा कारभार प्रामुख्याने उर्दूत चाले. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. 'ळ' आणि 'ण' यांसाठी स्वतंत्र अक्षरेही नाहीत. 'ळ'च्या जागी 'लाम' आणि 'ण'च्या जागी 'नून' येतो. साहजिकच 'काळे' हे 'काले' होतात आणि 'कुणबी' हा शब्द 'कुनबी' किंवा 'कंबी' असाही वाचला जातो.

घाईत लिहिलेल्या शिकस्ता वळणात अडचण आणखी वाढते. 'गाफ'वरील दुसरी रेघ राहिली, की 'ग'चा 'क' होतो. 'बे', 'पे', 'ते' आणि 'नून' ही अक्षरे शब्दाच्या आरंभी वा मध्ये केवळ नुक्त्यांवरून ओळखायची असतात. नुक्ते गळाले, की 'पवार' हे 'बवार' किंवा 'तवार' असे वाचले जाऊ शकतात. 'वाव' हे एकच अक्षर व, ऊ, ओ आणि औ यांचे काम करते. म्हणून 'जाधव' कोठे 'जाधो', तर कोठे 'जादो' दिसतात. 'गायकवाड' या नावात 'ड'ची खूण सुटली, तर 'गायकवार' उरतात.

मोडी आणि इंग्रजीतील रूपे

गावपातळीवरील पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर बहुधा मोडीत असे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. जुन्या कागदांत 'शिंदे' यांचे 'सिंदे' आणि 'कुणबी' याचे 'कुळंबी' असे रूप आढळते. इंग्रजांनी कानावर पडले तसे लिहिले. त्यातूनच 'शिंदे' यांचे 'सिंदिया', तर 'भोसले' यांचे 'भोंसला' झाले.

आडनावच नसेल तर?

अनेक जुन्या नोंदींत आडनाव मुळीच नसते. 'अमुक वलद तमुक' किंवा 'अमुक बिन तमुक', म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, एवढीच ओळख असते. काही घराण्यांत वतनाने मूळ आडनाव झाकले. गंगापूरच्या शेजारच्या खुलताबाद तालुक्यातील वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. पाटीलकी असलेली अशी अनेक घराणी पुढे 'पाटील' याच आडनावाने ओळखली जाऊ लागली. गाव सोडलेल्यांनी मूळ गावाच्या नावापुढे 'कर' जोडले. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणामुळे गंगापूर, पैठण, नेवासा आणि शेवगाव तालुक्यांतील गावे जलाशयात गेली. तेथील विस्थापितांच्या बाबतीत जुने गाव कोणते, हे आधी निश्चित करावे लागते.

हा अनुभव एकट्या मराठवाड्याचा नाही. १७०९ मध्ये जर्मनीच्या पॅलाटिनेट प्रांतातून सुमारे तीन हजार लोक आयर्लंडला गेले आणि त्यांपैकी काही कुटुंबे लिमरिक परगण्यात स्थिरावली. इंग्रजी कारकुनांच्या लेखणीतून 'श्वाइत्सर' हे 'स्विट्झर' झाले. पुढे १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागून असंख्य कागद नष्ट झाले. त्यांच्या वंशजांना आडनावाच्या प्रत्येक संभाव्य उच्चाराचा माग काढावा लागतो. त्या तुलनेत मराठवाड्यात बराच कागद अद्याप शाबूत आहे. उणीव आहे ती तो वाचणाऱ्यांची.

शोध कसा घ्यावा?

* आरंभ स्वतःपासून करून एकेक पिढी मागे जावे. शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवही ही पहिली पायरी होय.

* आडनावापेक्षा जमिनीचा सर्व्हे क्रमांक अधिक स्थिर असतो. वारसाच्या फेरफार नोंदीत बाप आणि मुलगा यांची नावे एकत्र सापडतात. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, शेतवारपत्रक आणि हक्क नोंदणी पत्रक हे पुढचे टप्पे. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ पाहावा.

* आडनावाची सर्व संभाव्य रूपे आधीच लिहून न्यावीत. सख्ख्या-चुलत भावांची नावेही सोबत ठेवावीत. नावांची साखळी जुळली, तर आडनावातील अक्षरभेद गौण ठरतो.

* फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविल्यास इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, १३४० फसली म्हणजे १९३०-३१.

* त्र्यंबकेश्वर, नाशिक व पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नामावळी नाती जुळविण्यास उपयुक्त ठरते.

* मूळ पानाची प्रमाणित प्रत आणि तिचे लिप्यंतर दोन्ही जवळ ठेवावे. लिप्यंतरात मूळ अक्षरे जशी असतील तशीच द्यावीत. आजच्या आडनावाप्रमाणे ती 'सुधारून' घेऊ नयेत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. राज्याच्या २००० च्या जात प्रमाणपत्रविषयक अधिनियमानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. खोट्या प्रमाणपत्रासाठी कारावासाची तरतूद आहे. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा आजोबा आपल्या वंशावळीत आला, तर पडताळणीत सारा दावा कोसळू शकतो. आणि घाईने केलेली खाडाखोड खरी नोंदही संशयास्पद ठरवते. 'जादो' लिहिले असेल, तर ते 'जादो'च राहू द्यावे. त्यांचा मुलगा कोण आणि त्यांची जमीन कोणती, हे दुसऱ्या कागदावरून दाखविता आले, की तीच नोंद आजच्या 'जाधव' कुटुंबाचा पुरावा ठरू शकते.