हँडलपासून किल्लीपर्यंत

आजचा सांगली जिल्हा १९४९ सालापर्यंत वेगळा नव्हता. त्या वर्षी सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यंत्रांच्या इतिहासात मात्र हा मुलूख एकच धरावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावचा कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे बनू लागली. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनीही नांगरांचा कारखाना काढला. १९३७ मध्ये हेच कूपर काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात तयार झालेली इंजिने ही भारतात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या डिझेल इंजिनांपैकी होत. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि विहिरीवरच्या मोटेची जागा हळूहळू इंजिन घेऊ लागले.

हे इंजिन चालवणे सोपे होते, सुरू करणे मात्र कठीण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दट्ट्याने साधारण सोळा ते वीस पट दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या उष्णतेने तेल पेट घेते. हवा सावकाश दाबली तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरते, थोडी हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि तेल पेटतच नाही. म्हणजे नुसता जोर पुरत नाही, वेगही लागतो. माणसाच्या हाताला हे एका दमात जमणारे नव्हते. म्हणून एक लहानसा खटका बसवलेला असे. तो उचलला की झडप उघडी राही आणि हवा दाबली जात नसे. मग हँडल जोरात फिरवून जड चाकाला गती द्यायची आणि खटका सोडायचा. चाकात साठलेली ऊर्जा दट्ट्याला दाबाच्या टोकापलीकडे नेई. गती कमी पडली, तर मात्र हँडल उलटे फिरण्याचा धोका असे.

मोटारगाड्यांच्या हँडलांनी तर जगभर अनेकांची मनगटे मोडली. यावर विजेचा उपाय यशस्वी केला तो अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. तोपर्यंत अडचण अशी होती, की इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर गाडीत मावणार कशी? केटरिंग यांनी पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. ती क्षणभरच चाले. दिवसभर चालणाऱ्या मोटरीला जो भार झेपणार नाही, तो काही सेकंद चालणाऱ्या लहान मोटरीला झेपतो, कारण तिला तापायला वेळच मिळत नाही. हेच तत्त्व त्यांनी वापरले आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा स्टार्टर आला. इंजिन सुरू झाल्यावर तेच यंत्र जनित्र बनून बॅटरी भारित करी.

मात्र लहान मोटरीला प्रवाह मोठा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३०० अँपिअर प्रवाह घेतला, तर ती ३६०० वॅट शक्ती झाली. एवढा प्रवाह बोटभर किल्लीतून कसा न्यायचा? याचे उत्तर १८३० च्या दशकातच तारायंत्राच्या संशोधकांनी शोधले होते: छोट्या प्रवाहाने विद्युतचुंबक चालवायचा आणि चुंबकाने मोठा प्रवाह जोडायचा. स्टार्टरवरचा सोलेनॉइड हेच काम करतो. त्यामुळे आजच्या यंत्रात दोन मंडले असतात. एक बारीक तारांचे: फ्यूज, किल्ली, सोलेनॉइडचे वेटोळे. दुसरे जाड तारांचे: बॅटरी, सोलेनॉइडचे संपर्क, मोटर आणि सांगाड्यातून परत बॅटरी.

आपल्याकडे 'बॉबकॅट' या नावाने ओळखला जाणारा छोटा लोडर घ्या. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांची खुराडी साफ करण्यासाठी त्याचे पहिले रूप बनवले. यात चालक उचलणाऱ्या दोन बाहूंच्या मधोमध बसतो. म्हणून पुढे आसन आणि समोरचा दांडा यांना सुरक्षेचे स्विच जोडले गेले. काही यंत्रांत दांडा खाली नसेल, तर स्टार्टरचे बारीक मंडल पुरेच होत नाही. धूळ आणि हादरे यांमुळे या स्विचांच्या जोडण्या सैल होतात, तर जाड तारांची टोके गंजतात.

असे यंत्र सुरू झाले नाही, तर आधी कान द्यावा. काहीच आवाज नसेल आणि दिवे नीट लागत असतील, तर दोष बहुधा बारीक मंडलात. एकच 'टक' झाले, तर बारीक मंडल ठीक आहे. जाड मंडल, सोलेनॉइडचे संपर्क किंवा मोटर पाहावी. 'टकटकटक' झाले, तर बॅटरी दुबळी किंवा तिची जोडणी सैल. संपर्क जुळताच दाब कोसळतो, चुंबक सुटतो, दाब परत येतो, चुंबक पुन्हा ओढतो. शाळेच्या विद्युत घंटेचीच ही भावंडे!

येथे ओमचा नियम उपयोगी पडतो. गंजलेल्या जोडणीचा रोध ०.०१ ओम धरू. दोन अँपिअर घेणारा तपासणीचा दिवा तेथे लावला, तर फक्त ०.०२ व्होल्ट गळतो. दिवा लख्ख पेटतो आणि जोडणी चांगली वाटते. ३०० अँपिअरला मात्र त्याच जोडणीत ३ व्होल्ट गळावे लागतील. बॅटरीचा पाव दाब वाटेतच संपेल, म्हणून मोटर तेवढा प्रवाह ओढूच शकत नाही आणि इंजिन फिरत नाही. खरा दोष समजायचा तर किल्ली फिरवलेली असताना जोडणीच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर लावावा. हे न करता चांगली बॅटरी बदलली, तर हजारो रुपये जातात आणि दोष राहतोच. जोडणी सोडवताना आधी बॅटरीची ऋण तार काढावी.

हे वर्गातही दाखवता येते. तीन सेल, पेन्सिलीचे शिसे आणि टॉर्चचा बल्ब एकापुढे एक जोडा, बल्ब मंदावेल. बल्बच्या जागी २०० ओमच्या रोधासह एलईडी लावा. तिच्या उजेडात फरक जाणवणार नाही. शिसे तेच, प्रवाह वेगळा.

हँडलच्या काळात इंजिन सुरू न होण्याचे कारण हाताला जाणवे. किल्लीने मनगटे वाचवली, बळ नसलेल्यालाही इंजिन सुरू करता येऊ लागले. पण दोष तारांच्या आत लपला. आता तो शोधायला बळ नको, मोजमाप हवे. शेतात आणि गॅरेजमध्ये काम करणारी आपली मुले ओमचा नियम पाठ म्हणतात. तो किल्लीमागे वापरायचा असतो, हे त्यांना शाळेतच कळले पाहिजे.