ऑफिसच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करायचंय? आधी हा एक आकडा बघा

मागच्या महिन्यात आमच्या साहेबांनी सांगितलं, "ऑफिसचे कॅमेरे मला घरून मोबाईलवर दिसले पाहिजेत." डीव्हीआर जुना, कंपनीचं ॲप त्याला चालेना. मी म्हटलं, पोर्ट फॉरवर्डिंग करतो, दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी सात वाजेपर्यंत राउटरसमोर बसलो होतो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय? राउटर हा सोसायटीचा वॉचमन समजा. बाहेरून आलेलं पार्सल कुठल्या फ्लॅटचं, हे त्याला माहीत नसेल तर तो गेटवरूनच परत पाठवतो. 'या नंबरच्या पोर्टवर आलेलं सगळं डीव्हीआरकडे पाठव' असं त्याला सांगून ठेवणं, एवढंच हे काम.

सेटिंग उघडायला फोन ऑफिसच्या वायफायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा. वायफायच्या नावावर जाऊन तपशील उघडा. अँड्रॉइडमध्ये 'गेटवे' आणि आयफोनमध्ये 'राउटर' समोर जो पत्ता दिसतो (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), तो इंग्रजी आकड्यांत ब्राउझरमध्ये टाका. युजरनेम-पासवर्ड राउटरखालच्या स्टिकरवर असतो. कुणी बदललेला असेल तर ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा. रिसेटचं बटण दाबू नका! इंटरनेटचं लॉगिन त्यातच सेव्ह असेल तर तेही उडतं आणि अख्खं ऑफिस बंद पडतं. आणि हो, ऑफिसचा राउटर आहे, साहेबांची परवानगी आधी घ्या.

आता मी जे शेवटी बघितलं ते तुम्ही आधी बघा. 'स्टेटस' पानावर 'वॅन आयपी' असतो. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटीच. ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. म्हणजे तुमच्या वॉचमनच्याही आधी कंपनीचा मोठा वॉचमन उभा आहे, आणि त्याला तुम्ही काहीच सांगू शकत नाही. वॅन आयपी १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तरीही मध्ये आणखी एक राउटर आहे. कधी तो तुमच्याच भिंतीवरचा फायबरचा डबा असतो.

आकडा ठीक असेल तर पुढचं सोपं. आधी डीव्हीआरचा आतला पत्ता 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मधून पक्का करा, नाहीतर तो बदलला की नियम चुकीच्या दारावर जातो. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' उघडा. बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट, प्रोटोकॉल टीसीपी, सेव्ह. पोर्टचा नंबर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत मिळेल. तपासताना मात्र वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून तपासा. आतूनच बघितलं तर बरेच राउटर चुकीचं चित्र दाखवतात.

पण उघडलेला पोर्ट फक्त साहेबांसाठी नाही, सगळ्या जगासाठी उघडा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. त्यामुळे पासवर्ड आधी बदला, 'डीएमझेड' चालू करू नका आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट तर अजिबात उघडू नका.

आमचा वॅन आयपी १०० वालाच निघाला. कंपनी दरमहा जास्त पैसे घेऊन स्टॅटिक आयपी द्यायला तयार होती. पण ज्या डीव्हीआरला अपडेटच येत नाही तो इंटरनेटवर उघडा टाकायला माझं मन धजेना. शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि साहेबांच्या फोनवर टेलस्केल हे व्हीपीएन टाकलं. एकही पोर्ट न उघडता कॅमेरे दिसले. फक्त तो कॉम्प्युटर चालू ठेवावा लागतो. पहिल्याच शनिवारी शिपाईकाका सवयीने मेन स्विच बंद करून गेले आणि रात्री साडेदहाला साहेबांचा फोन मला आला.