पद्मिनी पुन्हा रस्त्यावर : आधी थांबणे, मग धावणे

मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात, धुळीने माखलेल्या आच्छादनाखाली एखादी 'प्रीमियर पद्मिनी' आजही उभी असलेली दिसते. मालक हयात नसतो, मुलांना गाडी भंगारात घालवत नाही आणि ती दुरुस्त करण्याचे धाडसही होत नाही. अशी गाडी पुन्हा चालू करणे वाटते तेवढे अवघड नाही. मात्र बहुतेकांचा क्रम चुकतो. इंजिन सुरू झाले की गाडी लगेच फाटकाबाहेर काढली जाते आणि अनेक वर्षे न तपासलेल्या ब्रेकची परीक्षा रस्त्यावरच होते.

कुर्ल्यात घडलेली गाडी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डी' ही मोटार बनवण्यास सुरुवात केली. याच मोटारीला १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची रचना होती. उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातील पद्मिनीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या प्रामुख्याने खासगी गाड्या.

चावी फिरवण्यापूर्वी

नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारणे ही पहिली चूक होय. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात आणि पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटतात. त्यामुळे चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावावा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. ते अडले तर जोर लावू नये. पुन्हा तेल सोडून वाट पाहावी.

इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल काढून नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालावा. प्लग न बसवता थोडा वेळ स्टार्टर फिरवावा. यामुळे ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझतो. हा दिवा विझेपर्यंत इंजिन सुरू करण्याची घाई करू नये.

पेट्रोलच्या टाकीत बहुधा गंज आणि चिकट गाळ साचलेला असतो. टाकी उतरवून धुणे, पेट्रोलच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा बदलणे आणि कार्ब्युरेटर खोलून त्याची जेट साफ करणे, ही कामे टाळू नयेत. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल देशभर रुळले आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. म्हणून नवे रबरी भाग या इंधनाला टिकतील असेच निवडावेत. डिस्ट्रिब्युटरमधील 'पॉइंट'वर काळपट थर बसला असेल, तर ते साफ करून किंवा बदलून त्यांचे अंतर नेमके करावे. रेडिएटरच्या नळ्या आणि फॅन बेल्टही बदलावेत. बराच काळ उभ्या गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. गिअर पडत नसेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी हे तपासावे.

ब्रेक : मूळ आधी दुरुस्त

इंजिन सुरू झाले तरी गाडी जागेवरच राहू द्यावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. तो ओलावा मास्टर सिलिंडर आणि चाकांजवळील व्हील सिलिंडर आतून गंजवतो. रबरी वॉशर कडक होतात, होज पाइप आतून सुजून बंद होतात आणि ब्रेक शू ड्रमला चिकटतात. बाहेरून यातील काहीच दिसत नाही. पेडल पहिल्यांदा घट्ट लागते आणि चार-पाच वेळा दाबल्यावर तळाला जाते.

गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नये किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी. व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील, तर केवळ वॉशरचे किट घालणे ही तात्पुरती मलमपट्टी ठरते, सिलिंडरच बदलावा. रबरी भाग पेट्रोल किंवा डिझेलने धुऊ नयेत, ते फुगतात. गंजलेले लोखंडी पाइप व सर्व होज नवे घालावेत. शेवटी नवे ब्रेक ऑइल भरून, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून व्यवस्थेतील हवा काढावी.

सुधारणा कोणती, कशासाठी?

जुन्या फियाट ११०० आणि सुरुवातीच्या पद्मिनीत ब्रेकचा एकच मार्ग असे. एक होज फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जात आणि चालकाच्या हाती केवळ हँडब्रेक उरे. म्हणून पहिली सुधारणा दुहेरी मार्गाच्या, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडरची असावी. यात पुढची व मागची चाके वेगळ्या मार्गांवर असतात. एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा उरतो.

दुसरी सुधारणा म्हणजे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे अधिक काम पुढची चाके करतात. बोरघाट उतरताना ड्रम तापतो आणि पेडल दाबूनही पकड कमी होत जाते. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरते. डिस्क उघडी असल्याने ती लवकर थंड होते आणि लवकर कोरडीही होते.

मात्र केवळ डिस्क बसवून काम संपत नाही. कॅलिपरच्या पिस्टनला जास्त ऑइल लागते, म्हणून मास्टर सिलिंडरचा व्यासही त्याच्याशी जुळावा लागतो. ड्रमसाठी पाइपमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या मार्गात राहिला, तर पॅड सतत घासत राहतात. पुढची-मागची पकड समतोल नसेल, तर मागची चाके आधी अडकून गाडी फिरते. इंजिनाच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो पायाचा जोर वाचवतो, पण टायरची पकड वाढवत नाही. झिजलेल्या किंवा वयाने कडक झालेल्या टायरवर हा सारा खर्च वाया जातो.

कायद्याची चौकट

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणून डिस्क बसवण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. विमा कंपनीलाही कळवावे. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या नव्या भागाने बदलण्यात मात्र ही अडचण येत नाही.

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षे पूर्ण झालेले वाहन 'व्हिंटेज' ठरू शकते. त्याची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. व्हिंटेज नोंदणी केल्यावर ते वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७४ च्या पद्मिनींनी ही पन्नाशी २०२४ मध्ये गाठली. गाडी जतन करायची की वापरायची, हा निर्णय मालकाने पाना हातात घेण्याआधीच घ्यावा.

पहिली चाचणी आवारातच, ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने घ्यावी. पेडल कुठवर जाते, गाडी एका बाजूला खेचते का आणि थांबल्यावर एखाद्या चाकाखाली ऑइलचा डाग पडतो का, हे पाहावे. तीन-चार दिवस ही तपासणी निर्दोष ठरली, तरच फाटक उघडावे.