केबल नवी, वाट जुनीच

घाटकोपरहून मेट्रो पकडली की शेवटचं स्टेशन वर्सोवा. बहुतेकांच्या डोक्यात वर्सोवा म्हणजे चौपाटी, कोळीवाडा आणि ताजी मासळी. पण मंडळी, भारताचं इंटरनेट परदेशी जातं त्यातला फार मोठा वाटा याच किनाऱ्याच्या वाळूखालून जातो. 'क्लाउड' म्हटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचीही नजर वर आभाळाकडे जाते. ती खरं तर खाली, समुद्राच्या तळाकडे जायला हवी. खंडाखंडांमधला जवळजवळ सगळा डेटा तिथूनच धावतो, सॅटेलाइटच्या वाट्याला त्यातला अगदी किरकोळ भाग येतो.

ही गोष्ट सुरू होते 1870 साली. त्या वर्षी फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' नावाचं अवाढव्य जहाज मुंबईहून एडनच्या दिशेनं तारेची केबल टाकत निघालं. एडनहून सुएझ, पुढे इजिप्तच्या जमिनीवरून अलेक्झांड्रिया, मग माल्टा, जिब्राल्टर आणि इंग्लंड. जूनमध्ये मुंबई-लंडन तार सुरू झाली. ज्या निरोपाला बोटीनं काही आठवडे लागायचे, तो काही मिनिटांत पोचू लागला. हा मार्ग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तांब्याच्या तारेतून काचेच्या धाग्याकडे यायला शंभर वर्षं लागली. 1966 साली चार्ल्स काव यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशानं लांबवर संदेश पाठवता येतील. त्यांचं उद्दिष्ट होतं किलोमीटरला 20 डेसिबल घट, म्हणजे एका किलोमीटरनंतर फक्त 1 टक्का प्रकाश उरणार! आजच्या फायबरमध्ये घट आहे साधारण 0.2 डेसिबल. 80 किलोमीटर गेल्यावरही अडीच टक्के प्रकाश शिल्लक असतो. तेवढ्या अंतरावर केबलमध्येच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. त्यात एर्बियम मिसळलेला फायबरचा तुकडा असतो आणि तो प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच त्याला पुन्हा जोर देतो. शिवाय एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे कित्येक प्रवाह एकाच वेळी सोडता येतात.

या दोन युक्त्यांनी आकडे कुठल्या कुठे गेले. 1997 साली मुंबईला जोडणाऱ्या 'फ्लॅग' केबलची क्षमता होती सुमारे 10 गिगाबिट प्रति सेकंद. 2022 अखेरीस भारतात 17 आंतरराष्ट्रीय केबल्स होत्या आणि ट्रायच्या आकडेवारीनुसार त्यांची कार्यान्वित करता येण्याजोगी क्षमता होती सुमारे 138 टेराबिट. म्हणजे 1997 चं आख्खं फ्लॅग त्यात तेरा हजारांहून अधिक वेळा मावेल.

आता त्या जुन्या मार्गाकडे वळू. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बहुतेक केबल्स आजही अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र याच वाटेनं जातात. जहाज बदललं, धातू बदलला, वेग बदलला, पण रस्ता तोच. कारण भूगोलच तसा. दोन समुद्रांमधली सगळ्यात अरुंद जमीन तिथेच आहे.

याची किंमत 30 जानेवारी 2008 ला कळली. अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी 4' आणि 'फ्लॅग युरोप-एशिया' या दोन्ही केबल्स तुटल्या आणि भारताची साधारण निम्मी बँडविड्थ गेली. दोनच दिवसांनी दुबईजवळ 'फाल्कन' तुटली, तिथे तळाशी एक टाकून दिलेला नांगर सापडला. तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात बसून लंडनच्या सर्व्हरवर काम करायचो. एक कमांड टाईप करायची, चहा आणायला जायचं, परत येईस्तोवर अर्धी ओळ उमटलेली असायची. ज्यांचे मार्ग सिंगापूरकडूनही होते, त्यांचं काम रडतखडत का होईना, चालू राहिलं.

बरं, हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तांबड्या समुद्रात तीन केबल्स तुटल्या. युद्धाच्या धामधुमीत दुरुस्तीला काही महिने गेले. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ पुन्हा 'सी-मी-वी 4' आणि 'आयएमईडब्ल्यूई' तुटल्या आणि आपल्याकडचं नेट मंदावलं. बहुतेक वेळा कारण घातपात नसतोच, नांगर किंवा मासेमारीची जाळी असतात. जगभरात वर्षाला दीडशे-दोनशे वेळा हे घडतं.

वेग वाढवणं हे आम्हा इंजिनिअरांचं आवडतं काम, त्याचे आलेख मस्त वर चढतात. वाटा वाढवणं कंटाळवाणं आणि खर्चिक, कारण जी वाट तुटायची वेळ आलेली नाही तिच्यावर पैसे खर्च करायचे असतात. म्हणून एक काम सुचवतो. सोमवारी ऑफिसात गेलात की नेटवर्कवाल्या दोस्ताला विचारा, आपल्या दोन लिंक दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत हे ठीक, पण त्या दोन वेगळ्या समुद्रांतून जातात का? दोन्ही वर्सोव्याहून सुटून तांबड्या समुद्रात शेजारी शेजारी पडल्या असतील, तर बिलं दोन आणि वाट एकच!